लोखंडी चाकें केव्हां काढावीं?

कोल्हापुराहून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत; परंतु आषाढाच्या शेवटीं ज्यानें गगनबावड्याची वाट पाहिली नाहीं, त्यानें आमच्या जिल्ह्याचें अर्धेंच रूप पाहिलें असें मी म्हणेन. पूर्वेस शिरोळाकडे वर्षाकाठीं सरासरीनें पांचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेस गगनबावड्याला तोच पांच हजारांच्या वर जातो. एकाच घरांत एक भाऊ हात आंखडून वागणारा आणि दुसरा मूठ न मिटणारा असावा, तसा हा प्रकार आहे. दोघांमधील अंतर मात्र एका दिवसांत जाऊन येण्यासारखें.

रंकाळा मागें टाकून फुलेवाडीवरून गाडी निघाली, कीं बालिंग्याजवळ भोगावती ओलांडते. ज्या प्रवाहांच्या संगमांतून पंचगंगा सिद्ध होते त्यांपैकीं ही एक. तो संगम प्रयाग चिखली येथें आहे, आणि त्या गांवाच्या नांवांत चिखल ऐकूं येतो हें मला नेहमींच शुभचिन्ह वाटत आलें आहे. पुढें कुडित्र्याच्या साखर कारखान्याचा परिसर लागतो. गाळप बंद असल्यामुळें तो ह्या दिवसांत निजल्यासारखा दिसतो. कळे गांव गेलें, कीं उंसाचा पसारा हळूहळू ओसरतो, डोंगर जवळ येऊं लागतात, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस भाताचीं खाचरें पायऱ्यांसारखीं उतरत जातात. कुंभी नदी सोबतीला असतेच. पाऊस जोराचा झाला कीं मांडुकलीजवळ ती रस्त्यावर येते आणि गाड्या थांबतात. मंडूकाची आठवण व्हावी असें हें नांव, आणि तेथें पावसांत मंडूकांचेंच राज्य!

ह्याच वाटेवर, साळवणाच्या अलीकडे, आमचें मूळ गांव आहे. कूळकायद्यानंतर जी चार एकर जमीन राहिली ती माझा पुतण्या कसतो. मी मराठी शाळेंत छत्तीस वर्षें शिकवून निवृत्त झालों आणि शहरांत राहतों. परंतु घर अजून एकत्र आहे. तांदूळ तेथून येतो, औषधें येथून जातात, आणि अडचणीचा प्रश्न पडला कीं वडील माणूस म्हणून मला विचारण्याची पद्धत चालूं आहे. ह्या पद्धतीनें माझ्या हातून एकदां जी चूक झाली, तिचीच ही हकीकत आहे.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पुतण्याजवळ एक ट्रॅक्टर आहे. रोप लावणीच्या दिवसांत त्याचीं मागचीं रबरी चाकें उतरवून त्यांच्या जागीं लोखंडी चाकें बसवतात. बाजारांत त्यांस केजव्हील म्हणतात. आमच्या गांवीं नुसतें ‘लोखंडी चाकें’ म्हटलें कीं भागतें. दोन-तीन लोखंडी कड्या आणि त्यांना आडव्या जोडलेल्या पट्ट्या, असा हा एक रुंद पिंजराच असतो. रबरी टायराच्या खांचा चिखलानें भरल्या म्हणजे तो गुळगुळीत होतो, जागच्या जागीं फिरतो आणि यंत्र रुतत जातें. पिंजऱ्यांतून चिखल आरपार निघून जातो. पट्ट्या जमिनीला धरतात आणि रुंदीमुळें वजनही विभागलें जातें. शिवाय हीं चाकें स्वतःच माती कालवतात, म्हणजे चालणें आणि चिखल करणें हीं दोन कामें एकदमच होतात.

शहरांतील वाचकांस विचारावेंसें वाटेल, कीं एवढा आटापिटा करून चिखल कशासाठीं करावयाचा? चिखलणीनें मातीचे बारीक कण सुटे होतात, वर येतात आणि पुन्हां बसतांना खालच्या थराचीं छिद्रें बुजवतात. त्यामुळें खाचरांतील पाणी झिरपून जात नाहीं. तण गाडलें जातें. आणि माती लोण्यासारखी झाल्यामुळें बायकांना बोटाच्या दाबानें रोप लावतां येतें. चिखल जितका चांगला, तितकें भात चांगलें. आमच्या घरीं श्रीसूक्ताचीं आवर्तनें होतात. त्या सूक्तांत लक्ष्मीच्या पुत्रांचीं म्हणून दोन नांवें येतात, कर्दम आणि चिक्लीत. कर्दम म्हणजे तर चिखलच, आणि चिक्लीत शब्दांत ओलेपणाचा अर्थ आहे. लहानपणीं हीं नांवें मीं पाठ केलीं. त्यांचा अर्थ मला गुडघाभर खाचरांत उभें राहिल्यावर कळला. करवीरनिवासिनीच्या ह्या क्षेत्रांत लक्ष्मी चिखलाची माता असावी हें यथायोग्यच होय.

पण हींच चाकें खाचराबाहेर आलीं कीं शत्रु होतात. डांबरी रस्त्यावरून पन्नास पावलें गेलीं, तरी प्रत्येक पट्टी आपला ओरखडा ठेवून जाते. त्या ओरखड्यांत पाणी शिरतें आणि एका पावसाळ्यांत तेथें खड्डा पडतो. मोटार-वाहनांच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें रस्त्यावरील वाहनास हवा भरलेले रबरी टायर असावे लागतात, तें उगाच नव्हे. म्हणजे जोंवर लोखंडी चाकें आहेत तोंवर ट्रॅक्टर खाचरांचा कैदी! त्याला खत आणतां येत नाहीं, विटा-वाळू वाहतां येत नाहीं, भाड्याची एक खेप करतां येत नाहीं. आणि चाकें बदलणें हें कांहीं जोडे बदलण्याइतकें सोपें नाहीं. वजन मिळावें म्हणून मागच्या टायरांत पाणी भरलेलें असतें. तें धूड सरकवून भोंकें जुळवण्यास तीन माणसें, जॅक आणि सबंध सकाळ लागते. म्हणून प्रश्न असा पडतो, कीं लोखंडी चाकें काढावींत केव्हां? लवकर काढलीं आणि चिखलणीचें काम पुन्हां निघालें तर पंचाईत; उशीरां काढलीं तर रोजचें उत्पन्न बुडतें.

तीन वर्षांपूर्वीं पुतण्यानें मला दूरध्वनीवर विचारलें, “काका, आपली लावण उरकली. चाकं काढू का?” पंचांग माझ्या हाताशींच होतें. मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य हीं पावसाचीं नक्षत्रें आमच्या पिढीला श्लोकासारखीं पाठ आहेत. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. पुष्य संपण्यास दोनच दिवस होते. मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, “म्हातारा चालला. आतां खुशाल काढ.” वेळापत्रकाप्रमाणें घंटा देण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला ऋतूही घंटेवर चालतात असें वाटावें, ह्यांत नवल नाहीं.

पुतण्यानें चाकें काढलीं आणि ट्रॅक्टर भाड्यानें दुसऱ्या तालुक्यांत गेला. आश्लेषा लागली आणि चौथ्या दिवसापासून जी झड बसली ती उठेना. कुंभी पात्र सोडून पसरली. आमचीं खाचरें थोडीं उंचावर आहेत, त्यांना कांहीं झालें नाहीं. पण आमच्या बांधाखालीं, नदीच्या बाजूस, आक्कांचें अर्धा एकर रान आहे. आक्का म्हणजे साठी ओलांडलेली एक विधवा बाई. पोटीं मूलबाळ नाहीं, घरीं एक म्हैस. सारें गांव त्यांना आक्का म्हणतें, आम्हीही म्हणतों. त्यांचें नुकतेंच लावलेलें रोप पांच दिवस गढूळ पाण्याखालीं राहिलें आणि कुजलें.

पूर ओसरल्यावर आक्का आमच्या दारीं आल्या. त्यांच्याजवळ तरवा शिल्लक होता. रोपांच्या वाफ्यांतील एक कोपरा त्यांनीं शहाणपणानें राखून ठेवला होता. पण रान गाळानें भरलेलें. पुन्हां चिखलणी केल्याशिवाय त्यांत कांडीसुद्धां उभी राहणें शक्य नव्हतें. आमचा ट्रॅक्टर बाहेरगांवीं आणि रबरावर. गांवांतील दुसऱ्या दोघांनींही, आम्हीं काढलीं म्हणून, आपलीं चाकें काढलीं होतीं. एकानें रबरी चाकांनींच प्रयत्न केला, तो बांधापाशींच रुतला आणि त्याला ओढून काढण्यांत दिवस गेला. बैलजोडी आमच्या वाडींत आतां एकही उरलेली नाहीं. गोठा आहे, दावीं आहेत, बैल नाहींत. आक्कांनीं आठ दिवस वाट पाहिली. तोंवर तरवा जून झाला. मग त्यांनीं तो कापून म्हशीपुढें टाकला. ते अर्धा एकर रान त्या वर्षीं पड राहिलें, आणि ज्या बाईनें आयुष्यांत तांदूळ विकत घेतला नव्हता, तिनें तो बाजारांतून आणला.

त्यांनीं आम्हांला एक शब्दही उणा म्हटला नाहीं. हें मला फार दिवसांनीं, दिवाळींत गांवीं गेलों तेव्हां, वहिनींकडून कळलें. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावजी, आपण सांगितलंत म्हणून त्यानं काढली. आपल्या रानाचं त्यानं पाहिलं होतं. खालच्या रानाचं कुणी पाहिलंच नाही.” मी निरुत्तर झालों.

म्हणून यंदा पुष्याच्या शेवटीं पुतण्याचा तोच प्रश्न आला, तेव्हां मीं पंचांग मिटलें आणि सकाळच्या गाडीनें गांवीं गेलों. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची पातळी किती, हें वर्तमानपत्रांत पाहून निघालों होतों. एकोणचाळीस फुटांवर इशारा आणि त्रेचाळीस फुटांवर धोका, हे दोन आंकडे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापुरांतल्या लहान मुलालाही ठाऊक आहेत. पातळी इशाऱ्याच्या बरीच खालीं होती. मांडुकलीचा रस्ता उघडा होता. डोंगरावर धुकें होतें आणि खाचरांत बायकांच्या रांगा वांकलेल्या होत्या. पूर्वीं ह्या रांगांवर इरलीं दिसत. आतां निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या खोळी दिसतात. पाठीचा बांक मात्र तोच आहे.

पुतण्याची बाजू पोकळ नव्हती. कळ्याकडून भाड्याच्या खेपांसाठीं त्याला रोज विचारणा येत होती आणि कर्जाचा हप्ता जवळ आला होता. दुसरेंही एक कारण होतें. गेल्या उन्हाळ्यांत गांवचा रस्ता नव्यानें डांबरी झाला. मागचा रस्ता कोणी उखडला, ह्याची चर्चा गांवांत पुष्कळ होते. त्या ओरखड्यांत आमच्याही चाकांचे होते, हें येथें लपवणें योग्य होणार नाहीं. वरच्या खाचरांतून आक्कांच्या रानांत जावयाचें तर हा रस्ता आडवा येतो. “काका,” पुतण्या म्हणाला, “चाकं ठेवली तर हप्ता चुकतो, आणि रस्त्यावर घातली तर गाव तोंडावर बोलतं. मी काय करू?”

खरें सांगावयाचें तर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. योगायोग असा, कीं त्याच रात्रीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा स्वीडनांतून दूरध्वनि आला. तो तेथें अभियंता आहे आणि बर्फाळ भागांत राहतो. मीं त्याला ही अडचण सांगितली, तेव्हां तो हंसला आणि म्हणाला, “गुरुजी, ही तर आमच्या शेजाऱ्याची अडचण!” तेथील शेतकरी हिवाळ्यांत ट्रॅक्टराच्या टायरांवर लोखंडी सांखळ्या चढवतात, म्हणजे बर्फावर चाक घसरत नाहीं. बर्फ वितळूं लागला, कीं त्याच सांखळ्या अंगण आणि रस्ता उकरतात, आणि स्वतःही झिजतात. काढाव्या, तर चैत्रांत पुन्हां एखादी रात्र गोठते आणि उतारावर यंत्र घसरतें. रस्त्यावरील मोटारींच्या खिळे मारलेल्या टायरांस तेथील सरकारनें १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल अशी मुदत घातली आहे. पण हिवाळा रेंगाळला तर तीही सैल धरतात. शेजारच्या नॉर्वे देशांत तर बहुतेक भागांत ही मुदत ईस्टरच्या सणानंतरच्या आठवड्याशीं बांधलेली आहे, आणि ईस्टर ठरतो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून! चंद्र पाहून चाकें बदलणारे आम्हीच एकटे नव्हतों, हें ऐकून मला क्षणभर बरें वाटलें. मग मीं विचारलें, “तुझा शेजारी मुदत पाहतो का?” तो म्हणाला, “नाहीं गुरुजी, तो आपल्या उताराची सांवलीतली बाजू पाहतो. बर्फ शेवटीं तिथून जातो.”

हें वाक्य मनांत घेऊन सकाळीं मी पुतण्यासह बांध उतरून आक्कांकडे गेलों. त्या गुडघ्याइतक्या पाण्यांत उभ्या होत्या. मीं माझी मागची चूक प्रथम बोलून दाखवली. त्यांनीं पदरानें हात पुसले आणि म्हणाल्या, “गुर्जी, तुमचं पंचांग बरोबरच असंल. पर नदीला वाचाया येत न्हाई.” पुतण्या हंसला, मीही हंसलों. मग मीं विचारलें, “आक्का, तुम्हीच सांगा, चाकं केव्हा काढावीत?” त्यांनीं बोट दाखवलें तें आकाशाकडे नव्हे, नदीकडेही नव्हे, वरच्या कोपऱ्यांतील हिरव्यागार तरव्याच्या वाफ्याकडे. “त्यो हाय तवर ऱ्हाऊ द्यात. तरवा सरला की काढा. त्यात काय इचारायचं?”

इतकें साधें उत्तर मला साठ वर्षांत सुचलें नव्हतें. विचार करून पाहतां त्यांत सर्व शास्त्र आलें. लोखंडी चाकांचा उपयोग लावण्याजोगें रोप असेल तरच. रोप तीन-चार आठवड्यांचें असतांना लावावें. त्यापुढें तें जून होत जातें आणि त्याला फुटवे कमी येतात. म्हणजे तरवाच आपली मुदत स्वतः सांगतो. तो वाफ्यांत हिरवा उभा आहे तोंवर पुराचें नुकसान भरून काढतां येतें. तो संपला किंवा जून झाला, कीं चाकें ठेवूनही कांहीं हातीं लागत नाहीं. पाऊस केव्हां थांबेल हें कोणाला सांगतां येत नाहीं. परंतु आपल्याजवळ पुन्हां उभें राहण्याचें साधन किती दिवस आहे, हें पाहतां येतें. आणि पहावयाचा तो आपलाच वाफा नव्हे, तर सर्वांत खालच्या रानाचा.

चाकें ठेवावयाचें ठरलें. रस्त्याचा प्रश्न वहिनींनीं सोडवला. जुन्या माडीच्या उतरवलेल्या लाकडी फळ्या माळ्यावर पडून होत्या. त्यांवर पेंढा आणि पोतीं अंथरून रस्त्यावर आडवी वाट करावी असें त्यांनीं सुचवलें. रस्ता तो केवढा, बारा फूट!

सात दिवस ट्रॅक्टर उभा राहिला. पुतण्याच्या पांच खेपा गेल्या आणि हप्त्यासाठीं मीं माझ्या निवृत्तिवेतनांतून हातभार लावला. त्याला तो घेतांना संकोच वाटला आणि मला देतांना समाधान. आश्लेषेंत पाऊस आला. कुंभी आक्कांच्या बांधाला लागली, एक रात्र आंत शिरली आणि ओसरली. सबंध रान गेलें नाहीं. नदीकडची एक पट्टी तेवढी गाळाखालीं दबली. आम्हीं फळ्या टाकल्या, चार मुलांनीं दोन्ही बाजूंनीं धरल्या, आणि ट्रॅक्टर अलगद पलीकडे गेला. त्या पट्टीचा चिखल करण्यास अर्धा तास लागला. दुपारपर्यंत बायकांनीं राखलेला तरवा उपटून तींत लावला.

पुतण्यानें संध्याकाळीं हिशेब मांडला. पांच दिवसांचें भाडें गेलें आणि काम झालें अर्ध्या तासाचें. हिशेबांत चूक नव्हती, आणि मींही तो खोडला नाहीं. मात्र त्या हिशेबाच्या कागदावर पड राहिलेलें अर्धा एकर रान आणि म्हशीपुढें टाकलेला तरवा हीं कोणत्या खात्यावर घालावयाचीं, हें मीं त्याला विचारलें. त्यानें कागद घडी करून खिशांत ठेवला.

दुसऱ्या दिवशीं एकच काम शिल्लक राहिलें. तरवा उपटल्यावर वाफ्याची जी जागा मोकळी होते, तीही वाया घालवीत नाहींत; तिचाही चिखल करून उरल्यासुरल्या रोपांनीं ती लावून टाकतात. ज्या जागेनें साऱ्या शेताला रोप पुरवलें तिची पाळी सर्वांच्या शेवटीं येते. लोखंडी चाकांचें तें शेवटचें काम. पुतण्यानें तो वाफा दोनदां फिरून कालवला. आक्का स्वतः उतरल्या आणि शेवटची मूठ त्यांनीं लावली.

त्यानंतर कोणीं कोणाला विचारलें नाहीं. पुतण्यानें जॅक काढला, शेजारचीं दोन मुलें आलीं, आणि रबरी चाकें गोठ्यांतून लोटत अंगणांत आलीं. लोखंडी चाकें नदीच्या पाण्यानें धुतलीं, त्यांना जळकें तेल चोपडलें आणि जेथें एके काळीं आमची बैलजोडी बांधलेली असे, त्या भिंतीला टेकवून ठेवलीं. फळ्या वहिनींनीं पुन्हां माळ्यावर टाकविल्या. मी दुपारच्या गाडीनें परत निघालों. गांवच्या फाट्यापर्यंत मुद्दाम चालत आलों आणि वाटेंत रस्ता पाहिला. जेथें फळ्या टाकल्या होत्या तेथें पेंढ्याच्या चार काड्या चिकटल्या होत्या. ओरखडा नव्हता.